ग्लुकोजचा करंट रोज घटतोय? निकेल ऑक्साइडचा इलेक्ट्रोड घासण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी. निकेल ऑक्साइडचा किंवा हायड्रॉक्साइडचा थर दिलेला इलेक्ट्रोड, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) आणि ग्लुकोज अशी, करंटवरून ग्लुकोज मोजायची तुमची मांडणी असेल आणि यातलं काही दिसत असेल, तर पुढचं वाचा.

• काल ५ मिलिमोलर ग्लुकोजला जेवढा करंट आला, आज त्याच्या निम्माच येतोय.
• पहिला स्कॅन (व्होल्टेज वर-खाली फिरवण्याची एक फेरी) छान, दहाव्यापर्यंत पीक (आलेखातलं करंटचं टोक) बसलेलं.
• उंची ठीक, पण पीक ३०-६० मिलिव्होल्ट डावीकडे (कमी व्होल्टेजकडे) किंवा उजवीकडे सरकलेलं.
• ग्लुकोज न घालताच ०.५५ व्होल्टच्या पुढे करंट भिंतीसारखा वर जातोय.
• करंट-वेळ मोजताना ग्लुकोज घातलं तरी पायरी पडत नाही, किंवा पडते आणि लगेच ओघळते.
• रेषा केसाळ, मधूनच ओव्हरलोडचा दिवा.

आमच्या विभागातल्या पोटेन्शिओस्टॅटची (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या उपकरणाची) राखण माझ्याकडे आहे. एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दारात उभं राहतं: "सर, इलेक्ट्रोड गेला." तोवर त्या इलेक्ट्रोडवरचा थर ॲल्युमिना पावडरने घासून साफ झालेला असतो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. नवा थर देतात, दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा दोष थरात नसतोच. तो बाटलीत, क्लिपवर किंवा रेफरन्समध्ये असतो. म्हणून पहिला नियम: इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, बाजूला ठेवा, घासू नका. दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून पीक परत आलं तर आनंद होतो, पण शिकायला काहीच मिळत नाही.

थोडी यंत्रणा, कारण पुढचा क्रम त्यावरच बेतलेला आहे. क्षारात, म्हणजे या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, बुडालेल्या निकेल ऑक्साइडचा वरचा थर हायड्रॉक्साइड होतो. विभव (व्होल्टेज) वाढवत नेला की साधारण ०.४५ व्होल्टच्या आसपास दोनवरचा (अधिक दोन ऑक्सिडेशन अवस्थेतला) निकेल तीनवर जातो, म्हणजे ऑक्सिहायड्रॉक्साइड बनतो. हा तीनवरचा निकेल ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करून स्वतः पुन्हा दोनवर येतो, इलेक्ट्रोड त्याला परत तीनवर चढवतो, आणि हा रहाटगाडगा आपण करंट म्हणून मोजतो. निकेल ॲनोडवर सेंद्रिय संयुगांचं ऑक्सिडेशन असं होतं, हे फ्लाइशमान, कोरिनेक आणि प्लेचर यांनी १९७१ साली मांडलं. (हो, तेच फ्लाइशमान, पुढे १९८९ मध्ये कोल्ड फ्यूजनने गाजलेले.) यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की निकेल दोनवरून तीनवर जाताना दर इलेक्ट्रॉनमागे एक हायड्रॉक्साइड आयन खर्च होतो. क्षार म्हणजे नुसतं आंघोळीचं पाणी नव्हे, तो अभिक्रियेतला अर्धा भागीदार आहे.

त्यामुळे कुठलीही तपासणी करण्याआधी ब्लँक घ्या. ग्लुकोज न घालता, नुसत्या क्षारात, ० ते ०.६ व्होल्ट, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद. निकेलचं जाताना एक आणि येताना एक अशी दोन पिकं दिसली पाहिजेत. हा ब्लँक तुमचा साक्षीदार. इलेक्ट्रोड चांगला असतानाचा जुना ब्लँक जपून ठेवलेला असेल तर अर्धं काम झालं. दोन्ही फाइली एकावर एक लावा. ब्लँकमधली पिकं जशीच्या तशी आणि फक्त ग्लुकोजचा करंट कमी असेल, तर थर शाबूत आहे, पुढचं द्रावणात शोधा. ब्लँकमधलीच पिकं खुजी झाली असतील, तर थर निघालाय किंवा विजेचा संपर्क तुटतोय.

फुकटातल्या तपासण्या

क्लिपपासून सुरुवात करा. निकेल फोमवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. फोम म्हणजे दिव्याची वात. क्षार त्यातून वर चढतो, दहा-पंधरा मिनिटांत क्रोकोडाइल क्लिपपर्यंत पोचतो, आणि मग क्लिपचा धातूच करंट द्यायला लागतो. क्लिपच्या दातांवर निळसर-हिरवट खवले दिसले की समजा. शिवाय चढत्या क्षारामुळे भिजलेलं क्षेत्रफळ दर स्कॅनला वाढतं, म्हणून आधी करंट वाढतो आणि क्लिप गंजली की कोसळतो. वरची पट्टी इपॉक्सीने बुजवा, ते नसेल तर नेलपॉलिशचे दोन हात द्या, आणि खाली एक चौरस सेंटिमीटरच उघडं ठेवा. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागत नाही, तिच्याखालून क्षार सरकतो.

मग रेफरन्सचं टोक उजेडाकडे धरून पाहा. फ्रिटच्या (टोकाच्या सच्छिद्र काचेच्या) आतल्या बाजूला हवेचा बुडबुडा अडकला असेल तर विभव मोजणारी वाट अर्धवट तुटते. केसाळ रेषा आणि ओव्हरलोडचा दिवा याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. थर्मामीटर झटकतात तसा हलका झटका दिला की बुडबुडा वर जातो.

रेषा अजूनही केसाळ असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, चुंबकी स्टिरर बंद करा, मोबाईल लांब ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे तिची एक लाट २० मिलिसेकंदांची. उपकरणात सरासरीचा काळ निवडता येत असेल तर २०च्या पटीत ठेवा, अर्धीअधिक गुणगुण तिथेच जाते.

आणि स्कॅनची वरची मर्यादा पाहा. कुठल्या तरी पेपरात दिसलं म्हणून ०.९ व्होल्टपर्यंत जाणारे बरेच भेटतात. तिथे ऑक्सिजन सुटतो, थराच्या खाली बुडबुडे फुगतात, आणि दर स्कॅनला थराचे तुकडे निघतात. ब्लँकमधलं पीक स्कॅनगणिक खुजं होत असेल तर मर्यादा ०.६वर आणा आणि काय होतं ते बघा.

क्षाराची बाटली

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोषी ठरलेली वस्तू हीच, आणि कुणालाच तिचा संशय येत नाही. कारण लेबलवर ०.१ मोलर लिहिलेलं असतं! लेबल मात्र बाटली भरली त्या दिवसाचं. रोज झाकण उघडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि दर रेणूमागे दोन हायड्रॉक्साइड खाऊन कार्बोनेट बनवतो. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत अर्धी हवा. एका मुलीने आठवड्याभरात तीन इलेक्ट्रोड निकालात काढले होते. तिची बाटली दिवाळीच्या सुट्टीआधीची निघाली.

गोळ्यांचीही गंमत आहे. जुलैत मुंबई-कोकणच्या हवेत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजनकाट्यावर ठेवल्या की तुमच्या डोळ्यांदेखत ओल्या होतात. तुम्ही १ ग्रॅम म्हणून जे मोजता त्यात पाणी किती, देव जाणे. बरणीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालं असेल तर ती बरणी फरशी धुवायला द्या.

तपासायचं कसं? थोडा क्षार परीक्षानळीत घ्या आणि बेरियम क्लोराइडच्या द्रावणाचे काही थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला तर कार्बोनेट आहे. बेरियम विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते सिंकमध्ये ओतू नका. हेही करायचं नसेल तर सरळ नवं करा: २५० मिलिलिटरला १ ग्रॅम, ताज्या बरणीतून, पाणी आधी उकळून गार केलेलं, आणि भरायला प्लास्टिकची बाटली. काचेची नको, क्षार काच खातो. गॉगल लावा. कॉस्टिक सोड्याचा थेंब डोळ्यात जाणं ही किरकोळ बाब नाही.

पीक कुठे सरकलं त्यावरून दिशा कळते. निकेलच्या पिकाचा विभव पीएचच्या एका अंकामागे साधारण ५९ मिलिव्होल्ट बदलतो. क्षार पातळ झाला की दोन्ही पिकं उजवीकडे जातात. दोन्ही पिकं डावीकडे गेली असतील तर नजर रेफरन्सकडे वळवा. आणि जातानाचं पीक उजवीकडे, येतानाचं डावीकडे, म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब गेली असतील, तर वाटेत कुठेतरी रोध वाढलाय: गंजलेला क्लिप, थरात नेफिऑन (थर चिकटवून ठेवणारं पॉलिमर) जास्त, किंवा थर तळापासून सुटलेला.

ग्लुकोजचं द्रावण

बरणीवर निर्जल लिहिलंय की मोनोहायड्रेट, ते वाचा. निर्जलचं रेणुभार १८०.१६, मोनोहायड्रेटचं १९८.१७. ५० मिलिलिटरमध्ये ५ मिलिमोलरसाठी निर्जल ४५ मिलिग्रॅम लागतं. तेवढंच मोनोहायड्रेट घेतलंत तर प्रत्यक्षात साधारण ४.५ मिलिमोलर होतं. वाटेत कुणी बरणी बदलली आणि तुमचं कॅलिब्रेशन (करंटवरून सांद्रता काढायचं प्रमाण) नऊ टक्क्यांनी खाली आलं, एवढीच ती कहाणी.

याहून वाईट सवय म्हणजे ग्लुकोजचा स्टॉक (साठ्याचं द्रावण) क्षारातच करून ठेवणं. "सेलमध्ये क्षार पातळ होऊ नये म्हणून", असं कारण देतात, ऐकायला बरोबर वाटतं. पण क्षारात ग्लुकोज स्वस्थ बसत नाही. त्याचं फ्रुक्टोज आणि मॅनोज होत राहतं, पुढे रेणू तुटतात आणि द्रावण पिवळसर पडतं. स्टॉक पाण्यात, तीव्र करा (१ मोलरचा), म्हणजे सेलमध्ये काही मायक्रोलिटरच घालावे लागतात आणि क्षार पातळ होत नाही. फ्रीजमध्ये ठेवा. खोलीच्या तापमानाला साखरपाणी ही जंतूंची पंगत असते. बाटली हलवल्यावर तळातून धुरकट काही उठलं तर फेकून द्या.

रेफरन्स

इथून पुढे थोडी खटपट आहे. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स क्षारात ठेवणं मुळात बेजोड लग्न आहे. आतला क्लोराइड बाहेर झिरपतो, बाहेरचा हायड्रॉक्साइड आत शिरतो, फ्रिटची काचही झिजते. आतला क्लोराइड दहापट पातळ झाला तर रेफरन्सचा स्वतःचा विभव ५५ ते ६० मिलिव्होल्ट वर चढतो, आणि तुमच्या आलेखात सगळी पिकं तेवढीच डावीकडे दिसतात. आता गंमत पाहा. करंट-वेळ मोजताना तुम्ही ०.५ व्होल्ट लावलाय असं स्क्रीन सांगते, पण रेफरन्स सरकल्यामुळे प्रत्यक्षात ०.५५ लागलाय. बेसलाइन का चढतेय हे इलेक्ट्रोड घासून कधीच कळणार नाही.

तपासणी मल्टिमीटरने होते. एक रेफरन्स देव्हाऱ्यातला ठेवा. त्याने कधीच काम करायचं नाही, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडून बसायचं. कामाचा रेफरन्स त्याच्याशेजारी त्याच द्रावणात बुडवा आणि दोघांमधला व्होल्टेज मोजा. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर चालू द्या. १०च्या पुढे असेल तर आतलं द्रावण बदला, फ्रिट रात्रभर ताज्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर नवा घ्या.

क्षारातलं काम महिनोन् महिने चालणार असेल तर मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड रेफरन्स वापरणं शहाणपणाचं आहे, तो क्षारासाठीच बनवलेला असतो. एवढा खर्च नको असेल तर निदान दुहेरी जंक्शनची (रेफरन्स आणि क्षार यांच्यामध्ये आणखी एक द्रावण ठेवणारी) नळी लावा, आणि प्रत्येक बसणीनंतर रेफरन्स क्षारातून उचलून धुऊन परत पोटॅशियम क्लोराइडमध्ये. जेवायला जाताना तो सेलमध्येच विसरणारे मला पावलांच्या आवाजावरून ओळखू येतात.

उपकरण खरं बोलतंय का

दोन रुपयांचा १० किलो-ओहमचा रेझिस्टर घ्या, पट्ट्या तपकिरी, काळी, नारिंगी. एका टोकाला वर्किंगची (थराच्या इलेक्ट्रोडला जाणारी) तार, दुसऱ्या टोकाला रेफरन्स आणि काउंटर (करंटची वाट पुरी करणारा तिसरा इलेक्ट्रोड) यांच्या तारा एकत्र. उणे ०.५ ते अधिक ०.५ व्होल्ट स्कॅन करा. उणे ५० ते अधिक ५० मायक्रोॲम्पिअर अशी सरळसोट रेषा यायला हवी. आली तर उपकरण आणि केबल दोषमुक्त. नाही आली तर केबल बदलून पुन्हा बघा, कारण केबल उपकरणापेक्षा फार आधी दगा देते.

पुढची पायरी फेरीसायनाइडची. घासलेला कोरा ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड (३ मिलिमीटर व्यासाचा), १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर पोटॅशियम फेरीसायनाइड, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद. पीक सुमारे १२ मायक्रोॲम्पिअरचं, आणि दोन पिकांमधलं अंतर ६५ ते ८० मिलिव्होल्ट असलं की तारा, रेफरन्स, काउंटर सगळं ठीक. अंतर १००च्या पुढे गेलं तर कार्बन नीट घासला गेलेला नाही किंवा रोध आहे. ही चाचणी निकेलच्या थरावर करू नका. निकेल आणि फेरीसायनाइड मिळून पृष्ठभागावर निकेल हेक्झासायनोफेरेट तयार होतं, त्याचं स्वतःचं पीक येतं, आणि कित्येकजण तेच पीक कौतुकाने रिपोर्टात लावतात. या चाचणीचं बीकरही वेगळं ठेवा.

आता इलेक्ट्रोड

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच बाजूला ठेवलेला इलेक्ट्रोड हातात घ्या. ताज्या क्षारात, ग्लुकोजशिवाय, ३० ते ५० फेऱ्या फिरवा. शेवटच्या दोन फेऱ्या एकावर एक बसल्या की थांबा. निकेल हायड्रॉक्साइडची ताजी, सैल रचना क्षारात मुरत घट्ट रचनेकडे जाते आणि तिचं पीक उजवीकडे सरकतं. ते मुरणं संपण्याआधीच कॅलिब्रेशन घेतलं तर रोज नवं उत्तर येणारच. आठवडाभर कोरडा पडून राहिलेल्या इलेक्ट्रोडलाही हाच उपचार.

फेऱ्यांनंतर ग्लुकोजचा करंट परतला तर पृष्ठभागावर ऑक्सिडेशनची उत्पादनं बसली होती. दर पाच मोजण्यांनंतर दहा कोऱ्या फेऱ्या असा परिपाठ ठेवा. तुमचं संयुग फिनॉलच्या जातीचं असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. फिनॉलचे रॅडिकल एकमेकांना जोडले जाऊन पृष्ठभागावर न वाहणारं पॉलिमर बसवतात, पहिल्या स्कॅनला भरघोस पीक आणि तिसऱ्याला सपाट मैदान. तिथे सांद्रता कमी ठेवा, आणि दर मोजणीला नवा पृष्ठभाग घ्या. पॅरासिटामॉल मोजणाऱ्यांनीही पहिले तीन स्कॅन या नजरेने बघावेत.

ब्लँकमधलं पीकच गेलं असेल तर आता खुशाल घासा: ॲल्युमिना १, ०.३, मग ०.०५ मायक्रॉन, इंग्रजी आठच्या आकड्यात, मधे धुऊन, शेवटी दोन मिनिटं सोनिकेटर. नवा थर देताना थेंब ५ मायक्रोलिटरचाच. पंख्याखाली वाळवू नका, कडेला कडं जमतं आणि मधे टक्कल. वर पेट्री डिश उपडी घालून सावकाश वाळू द्या.

लोखंड

हे शेवटी, कारण शोधायला सगळ्यात अवघड. ब्लँकमधलं निकेलचं पीक दिवसागणिक उजवीकडे आणि ऑक्सिजनची भिंत (ऑक्सिजन सुटू लागल्यावर करंट एकदम चढतो ती जागा) दिवसागणिक डावीकडे, असं दोन्ही एकदम होत असेल तर क्षारात लोखंडाचा अंश आहे. अशा अशुद्धीमुळे निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन सुटणं किती सोपं होतं ते कॉरिगनने १९८७ मध्येच दाखवलंय. ऑक्सिजन सुटायला ते वरदान, आपल्याला शाप: ग्लुकोज मोजायची विभवाची खिडकीच आक्रसते. लोखंड येतं साध्या प्रतीच्या क्षारातून, स्टीलच्या चमच्यातून, काचेतून. प्रत बदला, प्लास्टिकचा चमचा वापरा. उपाय म्हणून शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडची पावडर क्षारात घालून हलवा, ती लोखंड शोषून घेते. रात्रभर बसू द्या, वरचं निवळ घ्या.

इथे थांबा

नव्या क्षारात, तपासलेल्या रेफरन्सने, दोन वेगवेगळ्या वेळी दिलेले थर सारखेच बिघडत असतील तर घरचे उपाय संपले. क्षाराचा नमुना आयसीपीला (धातूंचे अंश मोजणाऱ्या चाचणीला) आणि इलेक्ट्रोड सूक्ष्मदर्शकाला पाठवा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (सामायिक उपकरण सुविधेसारख्या) केंद्रात बाहेरचे नमुनेही घेतात. मार्गदर्शकांना विचारून पाठवा, महिनाभर अंदाज बांधत बसू नका.

उपकरणाच्या खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग बघून घ्या. मर्क्युरीचा रेफरन्स फुटला तर झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.

आणि केबल बदलूनही रेझिस्टरची रेषा सरळ येत नसेल तर खोकं उघडू नका. आतला इलेक्ट्रोमीटर (व्होल्टेज मोजणारा नाजूक भाग) बोटावरच्या स्थिर विजेनेसुद्धा जातो, आणि सील तुटलं की वॉरंटीही. सर्व्हिस इंजिनिअरला फोन करा, पण त्याला ग्लुकोजचे आलेख पाठवू नका, त्यातून त्याला काहीच कळत नाही. रेझिस्टरची फाइल पाठवा, करंटची कुठली रेंज लावली होती ते लिहा, आणि दोन्ही केबलींचे आलेख जोडा.